तऱ्हेवाईकपणे : उदाहरण हवे

सोमवार, ४ जानेवारी

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, लेक लग्न होऊन दूर गेली, तेव्हा वाटलं होतं की आता दुपारी झोपायचं. जमलं नाही. इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती निघतेय. तिथे मला उमेदवार म्हणून घेतलं आहे. काम पसंत पडलं तर एक अख्खं अक्षर माझ्या ताब्यात येईल. मुलं मला घाबरायची, आता मी घाबरतेय.

कचेरी म्हणजे छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरचं पाणी थरथरतं. संपादकांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांचा आवाज कधी चढत नाही, म्हणून जास्तच धाक वाटतो.

पहिला शब्द दिला तोच वाकडा: एक्सेंट्रिकली. जुन्या आवृत्तीत 'विक्षिप्तपणे' एवढं एकच लिहून मोकळे झालेत.

"एवढ्यावर भागत नाही," बाई म्हणाल्या. "कोण, कुणाबद्दल, कुठल्या सुरात म्हणतं ते सांगा. आणि उदाहरण पाहिलेलं हवं, रचलेलं नको. खोटं उदाहरण मला लगेच कळतं."

इथली रीतच आहे ती. डोळ्यांनी पाहिलेलं एका कार्डावर उतरवायचं, त्यावरून शब्दाचा अर्थ ठरवायचा. पण व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणून मोकळे होणाऱ्या आपल्या लोकांत मी तऱ्हेवाईक माणूस शोधू कुठे?

बुधवार, ६ जानेवारी

काखेत कळसा आणि गावाला वळसा! माणूस घरातच आहे.

पहाटे मध्येच जाग आली, पाहते तर हे स्वयंपाकघरात उकिडवे बसलेले. पुढ्यात बशी, बशीत दूध, आणि दुधापुढे आमची म्हातारी, म्हणजे मांजर. ती प्यायली, तिनं मिशा पुसल्या, तेव्हा कुठे यांनी उरलेलं दूध चहात ओतलं.

"अहो, हे काय?"

"तिला विचारलं."

"काय विचारलं?"

"चालेल का म्हणून."

मी इतकी हसले की चहा सांडला. लगेच कार्ड केलं: 'एक गृहस्थ रोज मांजरीला विचारून चहा करतात.'

डिसेंबरात यांना मोठा ताप आला होता, त्यातून उठल्यापासून यांचं जरा निराळंच चाललंय. पूर्वी हा माणूस म्हणजे घड्याळ होता. भल्या पहाटे बेकरीत, दुपारी घरी, पेपर, झोप. बेकरी सासऱ्यांची. आता हे भट्टी सांभाळतात आणि धाकटे भाऊजी गल्ला. यांच्या नाकाची ख्याती तर अशी की गल्लीच्या टोकाला उभं राहून आत कुठला पाव तयार झाला ते सांगायचे.

शनिवार, ९ जानेवारी

पीक जोरात आहे. आजची कार्डं:

कडाक्याच्या थंडीत स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या. मी लावते, हे उघडतात.

दिवसातून दोनदा अंघोळ, आणि वर मला विचारणं, "शर्ट घामट झालाय का बघ गं." इतकी वर्षं संसार केला, आत्ता कुठे नटायचं सुचलं. कुणासाठी, ते विचारलं तर कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

जेवणाला नावं ठेवणं बंद. काल भाजी खाली लागली होती, तरी हूं की चूं न करता खाल्ली. हे कार्ड करणार नाही. याला मी तऱ्हेवाईकपणा म्हणत नाही, सुधारणा म्हणते.

संध्याकाळी मात्र चिडले. दूध उतू जाऊन करपलं, घरभर करपट वास, मी बाहेर कपडे वाळत टाकत होते ते सोडून धावत आले, आणि हे शेगडीशेजारीच पेपर वाचत बसलेले! पेपरात डोकं घातलं की यांना जग बुडालं तरी पत्ता नसतो.

मंगळवार, १२ जानेवारी

दिवसभर नुसते शब्द चघळले. 'विक्षिप्तपणे' म्हटलं की बोलणाऱ्याच्या कपाळावर आठी दिसते. 'चक्रमपणे' म्हणजे मित्रानं मित्राला मारलेली टपली. 'वेडगळपणे' म्हणताना आपण त्या माणसाच्या वरच्या पायरीवर उभे असतो. 'लहरीपणे' तर सपशेल चूक, कारण लहरी माणूस आज एक करतो आणि उद्या दुसरंच. एक्सेंट्रिकली वागणारा रोज तेच करतो, अगदी नेमानं. फक्त तो नेम आपल्याला ठाऊक नसतो. 'तऱ्हेवाईकपणे' हाच त्यातल्या त्यात जवळचा, त्यात थोडी माया आहे.

आणखी एक गंमत. इंग्रज लोक हा शब्द कपड्यांना, खोलीच्या सजावटीला, बागेलासुद्धा लावतात. आपण घराला तऱ्हेवाईक म्हणत नाही, घरमालकाला म्हणतो.

हे सगळं यांना जेवताना सांगितलं. मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "तुझ्याकडे शब्द बरेच आहेत, नाही?" असं यांनी पूर्वी कधी म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं.

गुरुवार, १४ जानेवारी

नवा छंद. दुपारी येताना पिशवीतून पावाची टोकं आणतात, टेबलावर ओळीनं मांडतात, आणि मला वास घ्यायला लावतात.

"सांग."

"काय सांग? पावाचा वास आहे."

"तसं नाही. कशासारखा?"

मी म्हटलं, इस्त्री केलेल्या चादरीसारखा.

"इस्त्री आत्ताची की कालची?"

"आत्ताची. पण इस्त्री जरा जास्त तापलेली."

हे एकदम खूश. "म्हणजे थोडा आधी काढायला हवा होता." दुसरा तुकडा मला नव्या दप्तरासारखा वाटला, तिसरा लहान बाळाच्या डोक्यासारखा. तिसऱ्याला यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पाणावल्यासारखे वाटले, पण मी शेजारीच कांदा चिरून ठेवला होता.

खेळ मला आवडलाय. कार्ड केलंच: 'बायकोकडून पावाच्या वासाचं वर्णन ऐकतात आणि चुकलं की पुन्हा हुंगायला लावतात.'

रविवार, १७ जानेवारी

भाऊजींकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर भाऊजींनी विचारलं, "वहिनी, नवीन नोकरी काय म्हणते?" मला राहवलं नाही. पर्समधून कार्डं काढली आणि एकेक वाचून दाखवली. मांजरीच्या कार्डाला जाऊबाई हसून हसून खाली बसल्या. भाऊजींनी स्वतःची भर घातली: दादा आता गळ्यात तीन घड्याळं अडकवून भट्टीपुढे उभा राहतो, पाव कानाशी धरून त्याच्या पाठीवर टकटक करतो, आणि ताजा पाव घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे थेट रस्त्यापर्यंत जातो, त्याचं तोंड बघत.

हे सुद्धा हसले. पण सगळ्यांच्या नंतर हसले आणि सगळ्यांच्या आधी थांबले. परत येताना माझ्या दहा पावलं पुढे झपाझप चालत राहिले. पोट बिघडलं असावं.

मंगळवार, १९ जानेवारी

भाऊजी आज सकाळी, मी कचेरीला निघायच्या आत घरी आले, हे बेकरीत असताना. खुर्चीच्या कडेवर बसले.

"वहिनी, त्या दिवशी मी हसलो, पण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. शनिवारी दादानं खवट लोण्याचे पाव दुकानात पाठवले. खवट! ज्याच्या नाकावर बाबांनी भट्टी दिली, त्यानं! एक गिऱ्हाईक पाव परत घेऊन आलं, चार लोकांसमोर आपटला त्यानं."

मी म्हटलं, होतं एखादवेळी. लोणी वाईट लागलं असेल.

"एकच गोष्ट असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण ही मांजर, खिडक्या, घड्याळं... तुम्हीच तर सगळं लिहून ठेवलंय." मग खाली बघून म्हणाले, "रविवारी दोघंही या. दादानं आता घरी बसावं. भट्टी मी बघेन."

आमच्या घराची एक रीत इथे लिहून ठेवते. नाक त्याची भट्टी. सासऱ्यांनी दोन्ही मुलांचे डोळे बांधून पाव हुंगायला दिले होते. कुठला कच्चा, कुठला तयार, कुठल्याचं लोणी उतरलेलं. यांनी बिनचूक सांगितलं, भाऊजी एकात चुकले. त्या दिवसापासून मोठा भट्टीवर आणि धाकटा गल्ल्यावर. भाऊजींच्या मनात ते राहिलंय असं मला नेहमी वाटतं. आता संधी साधून घेतायत.

पण खरं सांगायचं तर मी त्यांना नाही म्हटलं नाही. म्हटलं, "बघू." मनात आलं, हे थकलेत, घरी बसले तर सकाळच्या चहाला मला सोबत होईल. भट्टी काढून घेतली तर या माणसाकडे उरेल काय, हा विचार भाऊजी गेल्यानंतर आला. आणि ज्या कार्डांवर मी हसत होते तीच आता यांच्यावर उलटणार, हाही.

बुधवार, २० जानेवारी

बाईंनी माझी सगळी कार्डं परत केली. अक्षराचं कौतुक, निरीक्षणाचं कौतुक, आणि प्रत्येक कार्डाखाली लाल पेन्सिलीनं एकच शब्द: 'का?'

मी जरा तडकलेच. म्हटलं, "बाई, कारण कळलं तर तऱ्हेवाईकपणा कसला?"

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या. "मांजरीला आधी दूध पाजणाऱ्या माणसाचं कारण तुम्हाला माहीत नसेल, पण त्याला माहीत असेल. मग हा शब्द त्याच्याबद्दल काय सांगतो? की बघणाऱ्याबद्दल सांगतो?"

"म्हणजे उदाहरण बाद?"

"बाद नाही. अर्धं. तो माणूस तुमच्या ओळखीचा आहे ना? मग विचारा की त्याला."

ओळखीचा! मी मान हलवली आणि जागेवर येऊन बसले. खाली यंत्र सुरू झालं. वर्षानुवर्षं ताटाला ताट लावून जेवलेल्या माणसाला 'का' हा प्रश्न मी एकदाही सरळ विचारला नाही. थट्टेत विचारला, उत्तराची वाट न बघता.

आज विचारणार होते. हे लवकर झोपले.

शुक्रवार, २२ जानेवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी कचेरीतून लवकर निघाले, म्हटलं हे जागे असतानाच गाठावं. दार उघडलं आणि घरात गॅसचा भपकारा. स्वयंपाकघरात धावले. शेगडीचं बटण पूर्ण फिरलेलं, वर पातेलं, खाली जाळ नाही. ज्योत विझलेली. आणि हातभर अंतरावर हे खुर्चीत बसून निवांत शब्दकोडं सोडवतायत.

मी किंचाळले. बटण बंद केलं, यांना दंडाला धरून ओढत अंगणात आणलं.

"अगं, काय झालं?"

"काय झालं? गॅस! वास नाही येत तुम्हाला?"

हे नुसतं माझ्याकडे बघत राहिले, आणि माझ्याच तोंडून निघालेलं वाक्य मला तेव्हा ऐकू आलं. वास नाही येत तुम्हाला.

मांजर. खिडक्या. शर्ट. करपलेलं दूध. पावाची टोकं. खवट लोणी.

"ताप उतरला त्या दिवसापासून," हे म्हणाले. "काहीच नाही. साबण नाही, पाव नाही, तू नाही." पायरीवर बसले. "डॉक्टर म्हणाला, येईल किंवा येणारही नाही. नासलेलं दूध दोनदा प्यायलो, मग मांजरीला विचारायला लागलो. गॅसची भीती वाटायची, म्हणून खिडक्या. पाव झाल्याचं वासावरून कळेना, म्हणून घड्याळं."

त्या उघड्या खिडक्यांनीच आज यांना वाचवलं. मी रोज त्या लावत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो. पण तू इतकी आनंदानं लिहीत होतीस." हे यांनी टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. यांनी साधंच म्हटलं. "आणि भट्टी गेली असती गं. नाक त्याची भट्टी."

मी यांच्या शेजारी बसून रडले. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. बघू दे.

शनिवार, २३ जानेवारी

यांचा विचार होता की उद्या भाऊजींकडे काही बोलायचं नाही, मी शेजारी बसावं आणि पाव हुंगायला दिलेच तर खुणेनं सांगावं. बरोबर असेल तर खोकायचं. मी म्हटलं, मी शाळेत कॉपी पकडणारी बाई आहे, करणारी नाही. आणि लोक पाव खातात, त्यांच्याशी खोटं कसं बोलायचं?

बराच वेळ भांडलो. शेवटी हे म्हणाले, "तू सांग. मला ते वाक्य बोलवत नाही."

"नाही. वाक्य तुमचं आहे. मी शेजारी असेन."

रविवार, २४ जानेवारी

गेलो. भाऊजींनी टेबलावर पाव मांडून ठेवले होते, आणि घडी केलेला पांढरा पंचा. बाबांच्या वेळी होता तसाच. म्हणजे परीक्षा घ्यायची होती तर. माझं डोकं तापलं.

यांनी पंचा उचलला, हातात धरला आणि खाली ठेवला. "याची गरज नाही. डोळे उघडे ठेवूनही मला सांगता येणार नाही. मला वास येत नाही. तापापासून."

भाऊजींनी पंचा बाजूला सारला. मग जे म्हणाले ते माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

"एवढंच?"

"एवढंच काय? भट्टीवरच्या माणसाचं नाक गेलं, म्हणजे..."

"दादा, मला वाटलं तुझं बाबांसारखं सुरू झालं." भाऊजी बोलतच सुटले. "ते असंच करायला लागले होते ना शेवटी. चपला फडताळात ठेवायचे, मला काका म्हणायचे. तू तेव्हा भट्टीवर असायचास, मी होतो त्यांच्यापाशी. वहिनी कार्डं वाचत होत्या आणि मला... एक दिवस तू भट्टीत हात घालशील अशी भीती वाटायची मला. भट्टी घेऊन मी काय करू? मला पहाटे उठवत तरी कुठे!"

म्हणजे संधी बिंधी काही नव्हती. तेही माझंच कार्ड होतं, 'का' न विचारता लिहिलेलं.

हे भावाजवळ गेले, त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जास्तच जोरात. मग एक पाव उचलून कानाशी धरला, टकटक केलं. "हा कच्चा." दुसरा. "हा झालाय." तिसरा. "हाही झालाय, पण लोण्याचं मला सांगता यायचं नाही."

मी तो माझ्यापुढे ओढला आणि हुंगला. "बंद पेटीतल्या जुन्या तेलकट चिंधीसारखा."

"खवट," हे म्हणाले.

भाऊजींनी डोळे पुसले. "पण मग रीत? नाक त्याची भट्टी ना?"

"नाक घरातच आहे की," जाऊबाई आतून म्हणाल्या. "घरातलं नाक घराबाहेर कुठे गेलंय?"

ठरलं. मी कचेरीच्या आधी रोज पहाटे बेकरीत जायचं. मला पहाटे उठवतं का, हे कुणी विचारलंच नाही.

बुधवार, ३ फेब्रुवारी

कार्डांखाली उत्तरं लिहिली आणि एकेक रद्द केलं. मांजर: कारण आहे. खिडक्या: कारण आहे. घड्याळं: कारण आहे. अर्थ मात्र लिहिला: 'बघणाऱ्याला कारण ठाऊक नसलेल्या, पण करणाऱ्याच्या लेखी सरळ असलेल्या रीतीनं, तऱ्हेवाईकपणे.' खाली टीप: मायेनं म्हणतात, तसं हिणवूनही म्हणतात, करणारा स्वतःबद्दल सहसा म्हणत नाही.

बाईंनी वाचलं, मान डोलावली. "अर्थ राहू दे. पण उदाहरण?"

उदाहरण एकही शिल्लक नाही. रचलेलं चालत नाही. आता काय करू?

सोमवार, ८ फेब्रुवारी

बेकरीतलं काम जमतंय. ट्रे बाहेर येतो, हे एकेक पाव वाजवून बघतात, मी डोळे मिटून हुंगते आणि कानात सांगितल्यासारखं सांगते: उन्हात ठेवलेली उशी, ओल्या पाटीवर खडू, आजीची पेटी, नको, ही परत घ्या. डोळे मिटले नाहीत तर शब्द सुचत नाहीत. हे ऐकतात आणि घड्याळाचा काटा पुढेमागे करतात. कालच्या एका पावाला मी पुन्हा 'बाळाचं डोकं' म्हटलं, तर म्हणाले, "आपल्या लेकीचं?" म्हटलं, हो. मग तो पाव यांनी विकला नाही.

आज डोळे उघडले तेव्हा गल्ल्याशी बाई उभ्या होत्या. हातात पिशवी. कधीपासून, कोण जाणे. पाव घेतला, काही न बोलता गेल्या.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

टेबलावर एक कार्ड होतं. बाईंचं अक्षर.

'एक बेकरीवालीण रोज पहाटे डोळे मिटून प्रत्येक पावाशी काहीतरी कुजबुजते आणि मगच तो विकू देते.'

खाली लाल पेन्सिलीनं: 'का?'

मी पेन उचललं. दोन ओळींत सांगता आलं असतं. पण मग हेही उदाहरण रद्द झालं असतं, आणि शब्दाला एक तरी उदाहरण हवंच. खालची जागा मी कोरी ठेवली आणि कार्ड छापायला पाठवून दिलं.